श्वासावर नजर: एंडोमेट्रिओसिस आणि पहिलं ऑपरेशन

दौलताबादच्या किल्ल्यावर खंदक ओलांडून वर निघालं की कातळाच्या पोटात कोरलेली एक वाट लागते. तिचं नाव अंधारी. वर चढणाऱ्या शत्रूला चकवण्यासाठीच ती खोदली गेली. पुढचं वळण दिसत नाही, पायरीचा अंदाज येत नाही, आणि वरच्या टोकाला लोखंडी पत्र्यावर जाळ करून धूर आत कोंडायची सोय होती. वाट माहीत असलेला माणूस दिवा घेऊन पुढे झाला, की त्याच पायऱ्या मोजत चढता येतात.

पोटाचं पहिलंच ऑपरेशन ठरलं की मनाची अवस्था अंधारीत शिरलेल्या परक्या माणसासारखी होते. किल्ल्याच्या पायथ्याच्या गावातून छत्रपती संभाजीनगरला तपासणीसाठी गेलेल्या एखाद्या मुलीच्या हाती ‘एंडोमेट्रिओसिस’ असं लिहिलेला कागद येतो. तो शब्द घरात कुणी ऐकलेला नसतो. त्या मुलीसाठी, आणि तिच्यासोबत दवाखान्याच्या बाकावर बसणाऱ्या आईसाठी किंवा नवऱ्यासाठी, ही वाट पायरी पायरीने सांगायला हवी.

हा आजार आहे तरी काय?

गर्भपिशवीच्या आत एक अस्तर असतं. दर महिन्याला ते वाढतं आणि पाळीत गळून जातं. एंडोमेट्रिओसिसमध्ये त्या अस्तरासारख्या पेशी पिशवीबाहेर रुजतात: अंडाशयावर, पिशवीच्या मागच्या खोलगट जागेत, आतड्यावर, मूत्राशयावर, क्वचित छातीच्या पडद्यावरही. सिझेरियनच्या व्रणात त्या रुजल्या, तर तिथली गाठ पाळीच्या दिवसांत ठणकते. संप्रेरकांच्या चढउताराला या पेशीही प्रतिसाद देतात. आजूबाजूला दाह होतो, व्रण पडतात आणि मोकळे असायला हवेत ते अवयव एकमेकांना चिकटतात. अंडाशयात जुनं रक्त साठून काळपट घट्ट झालं, की त्या गाठीला सोनोग्राफीच्या खोलीपासून घरापर्यंत सगळेच ‘चॉकलेट सिस्ट’ म्हणतात. हे नाव अमेरिकी डॉक्टर जॉन सॅम्पसन यांच्या १९२१च्या वर्णनापासून रूढ झालं. पाळीचं काही रक्त उलट दिशेने गर्भनलिकांतून पोटात उतरतं, हा त्यांचाच सिद्धांत. तसं बहुतेक बायकांत होतं, मग पेशी काहींच्याच पोटात का रुजतात, हे कोडं अजून पूर्ण सुटलेलं नाही. परळच्या राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेने भारतीय स्त्रियांमधला हा आजार समजून घेण्यासाठी देशव्यापी अभ्यास हाती घेतला आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात प्रजननवयातल्या सुमारे १० टक्के, म्हणजे १९ कोटी मुली व स्त्रियांना हा आजार आहे. निदान होईपर्यंत अनेकींची चार ते बारा वर्षं जातात. ती वर्षं कशी जातात, हे आपल्या घरांना ठाऊक आहे. ‘पाळीत दुखायचंच’, ‘लग्न झालं की थांबेल’, ‘एक बाळंतपण झालं की बघ’. म्हणून कागदावर ते नाव उमटतं, तेव्हा भीतीसोबत एक सुटकाही असते. आपलं दुखणं खरं होतं, हे अखेर कुणीतरी लिहून दिलेलं असतं. हा कर्करोग नाही. तो खाण्यापिण्याच्या चुकीने होत नाही, कुणाच्या वागण्यानेही होत नाही. मूल होण्यात अडचण येऊ शकते, पण प्रत्येकीला येत नाही. आणखी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी: आजाराचा टप्पा आणि वेदना यांचं गणित जुळत नाही. पहिल्या टप्प्यातली मुलगी कळवळत असते, चौथ्या टप्प्यातलीला कधी काहीच जाणवत नाही.

ऑपरेशनला ‘हो’ म्हणण्याआधी

पूर्वी दुर्बिणीने आत पाहिल्याशिवाय निदान मानलं जात नसे. २०२२च्या युरोपीय मार्गदर्शिकेने ती अट सैल केली. लक्षणं, सोनोग्राफी आणि एमआरआय यांच्या आधारे गोळ्यांचे उपचार सुरू करता येतात. औषधांनी दुखणं आटोक्यात येत नसेल, गाठ मोठी असेल, मूल हवं असूनही राहत नसेल, किंवा आतड्यावर, मूत्रवाहिनीवर दाब येत असेल, तेव्हा ऑपरेशनचा विचार होतो.

मराठवाड्यात या टप्प्यावर एक जखम आठवावीच लागते. २०१९ साली बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगार बायकांची सरकारी पाहणी झाली. ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. ‘पिशवी काढून टाका, कटकट मिटेल’ हा सल्ला आपल्याकडे किती सहज दिला जातो, हे त्या आकड्याने दाखवलं. एंडोमेट्रिओसिस पिशवीच्या बाहेर रुजलेला असतो. नुसती पिशवी काढल्याने तो जाईलच, असं नाही.

म्हणून डॉक्टरांना विचारायचे प्रश्न घरूनच वहीत लिहून न्यावेत. नेमकं काय काढणार? अंडाशय राखणार का? पुढे मूल हवं असेल तर आधी कोणती तपासणी करायची? आतडं चिकटलेलं निघालं तर त्याचे सर्जन सोबत असतील का? पोट उघडावं लागण्याची शक्यता किती? संमतीपत्रावर सही करण्याआधी त्यातली ओळन् ओळ मराठीत समजून घेणं हा रुग्णाचा हक्क आहे. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतलं, म्हणून पहिल्यांचा अपमान होत नाही.

टेबलावर काय घडतं

ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञ भेटतात. दमा, ॲलर्जी, चालू गोळ्या, हलणारा दात, आणि ‘मला फार भीती वाटते’ हेसुद्धा त्यांना सांगावं. त्यांच्या कामाचीच ती माहिती आहे. जेवण साधारण सहा तास आधी बंद करतात. भूल दिल्यावर पोटातलं अन्न श्वासनलिकेत जाऊ नये, हे त्यामागचं कारण. म्हणून चोरून घेतलेला चहाबिस्किटाचा घासही लपवू नये.

हाताला सुई, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, शिरेतून औषध, आणि काही क्षणांत झोप. मग बेंबीजवळ बोटाच्या पेराहूनही लहान छेद घेऊन पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. आपण उच्छ्वासावाटे बाहेर टाकतो तोच हा वायू. तो पेट घेत नाही, रक्तात सहज विरघळतो आणि फुप्फुसांतून निघून जातो. पोट तंबूसारखं उचललं गेलं की दुर्बीण आत जाते आणि पडद्यावर अवयव कितीतरी पट मोठे दिसतात. आणखी दोन-तीन बारीक छेदांतून रोगट भाग कापतात, चिकटलेलं सोडवतात आणि तुकडा तपासणीला पाठवतात. माणसाच्या पोटात अशी दुर्बीण प्रथम घातली ती स्वीडनच्या हान्स ख्रिश्चन याकोबेउस यांनी, १९१०च्या सुमारास.

‘जाग आलीच नाही तर?’

सुईच्या आणि टाक्यांच्या भीतीखाली खरी भीती ही असते. तिचा अभ्यास ज्या राज्यात झाला, त्याच राज्यात तेव्हा दौलताबाद होतं.

एकोणिसाव्या शतकात क्लोरोफॉर्मच्या भुलीखाली काही रुग्ण अचानक दगावत. आधी काय थांबतं, श्वास की हृदय, यावर डॉक्टरांत मोठा वाद होता. निजामाच्या हैदराबाद संस्थानात १८८८ आणि १८८९ साली यासाठी दोन आयोग नेमले गेले. सर्जन एडवर्ड लॉरी त्यामागे होते, खर्च निजाम सरकारने उचलला, आणि दुसऱ्या आयोगासाठी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने लंडनहून डॉक्टर लॉडर ब्रंटन यांना धाडलं. शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले. निष्कर्ष निघाला की आधी श्वास बिघडतो, म्हणून नजर श्वासावर ठेवा. त्याच काळात हैदराबादेत रूपाबाई फर्दुनजी ही पारशी तरुणी वैद्यकीचं शिक्षण घेऊन रुग्णांना क्लोरोफॉर्म देऊ लागली. जगातल्या अगदी पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांत तिचं नाव घेतलं जातं.

आयोगाचं म्हणणं अर्धंच खरं होतं. क्लोरोफॉर्म थेट हृदयही थांबवू शकतं, हे १९११ साली डॉक्टर गुडमन लेव्ही यांनी दाखवलं. क्लोरोफॉर्म मागे पडलं आणि नजर मात्र दुहेरी झाली. आज बोटाला लावलेला चिमटा रक्तातला ऑक्सिजन क्षणोक्षणी सांगतो. त्यामागचं तत्त्व १९७०च्या दशकात जपानी अभियंता ताकुओ आओयागी यांनी शोधलं. उच्छ्वासातला वायू, हृदयाची लय, रक्तदाब, सगळं पडद्यावर उमटत राहतं. सर्जनचं लक्ष पोटाकडे असतं तेव्हा भूलतज्ज्ञाचं लक्ष श्वासावर असतं, आणि जाग येईपर्यंत ते हटत नाही. धोका शून्य नसतो, पण निरोगी तरुण स्त्रीसाठी तो फार थोडा असतो. शेवटी कुणीतरी नावाने हाक मारतं, डोळे उघडा म्हणतं, दीर्घ श्वास घ्यायला सांगतं.

घरी आल्यावर

पहिले दोन-तीन दिवस खांदा दुखू शकतो. दुखणं पोटातलं असताना खांदा का, म्हणून बायका घाबरतात. उरलेला वायू छातीच्या पडद्याला चाळवतो आणि त्याच नसेची जाणीव खांद्यात उमटते. हळूहळू चाललं की ते ओसरतं. ताप, वाढत जाणारी पोटदुखी, न थांबणारा रक्तस्राव किंवा टाक्यातून पू आला, तर मात्र लगेच दवाखाना गाठावा.

ऑपरेशनने आजार कायमचा संपतोच असं नाही. पुढे औषध न घेतल्यास पाच वर्षांत ४० ते ५० टक्के स्त्रियांत तो पुन्हा डोकावतो, असं अभ्यास सांगतात. म्हणून गोळ्या डॉक्टरांना न विचारता सोडू नयेत आणि दुखण्याची नोंद वहीत चालू ठेवावी.

ती वही पुढे दुसऱ्या कुणाच्या तरी कामीही येते. आई किंवा बहिणीला हा आजार असेल, तर मुलीला तो होण्याची शक्यता वाढते. उद्या घरातली धाकटी पोट धरून कोपऱ्यात बसली, तर ही वाट चालून आलेली बाई तिला ‘होतंच असं’ म्हणणार नाही. ती वही उघडेल आणि विचारेल, ‘कधीपासून दुखतंय?’ तिथेच धाकटीची चार ते बारा वर्षं वाचतील.