चपळाईची दुसरी बाजू

चाकणच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या वाहनात आता लोखंडाच्या जोडीला सॉफ्टवेअरही असते. १२५ सीसीपेक्षा मोठ्या दुचाकींच्या नव्या मॉडेलना एप्रिल २०१८पासून आणि अशा सर्वच नव्या दुचाकींना एप्रिल २०१९पासून एबीएस ही ब्रेकची यंत्रणा सक्तीची झाली. चाक जाम होऊ लागले की ब्रेकचा दाब किती ठेवायचा, हे त्यातला प्रोग्राम ठरवतो. त्यामुळे असा प्रोग्राम कोणत्या पद्धतीने लिहावा, हा प्रश्न फक्त हिंजवडीतल्या अभियंत्यांचा राहत नाही.

फेब्रुवारी २००१मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात १७ तज्ज्ञांनी ‘अ‍ॅजाइल’, म्हणजे चपळ पद्धतीचा जाहीरनामा तयार केला. आधी संपूर्ण आराखडा, मग लांबलचक काम आणि अगदी शेवटी चाचणी, या जुन्या क्रमाला तो पर्याय होता. काही आठवड्यांचे छोटे टप्पे, प्रत्येक टप्प्याला चालणारा प्रोग्राम आणि ग्राहकाशी सतत संवाद. मोबाइलच्या अ‍ॅपला हे छान मानवते. आज चूक सापडली, तर उद्या दुरुस्ती पाठवता येते.

पण टप्पा संपवण्याच्या घाईत एकूण आराखड्याचा विचार मागे पडतो. जाहीरनाम्याने कागदपत्रांना दुय्यम मानले, निरुपयोगी नव्हे. व्यवहारात मात्र ‘कागद नकोच’ असा सोयीचा अर्थ काढला जातो. मग अभियंता नोकरी बदलतो, तेव्हा ‘हे असे का केले’ याचे उत्तरही त्याच्याबरोबर निघून जाते. रोजची १५ मिनिटांची उभ्याउभ्याची बैठक अडचणी सांगण्यासाठी असते. साहेबांपुढे तिची हजेरी होते. कामाच्या अंदाजासाठी दिलेले गुण हेच उद्दिष्ट झाले, की गुण वाढतात, काम तेवढेच राहते.

गंमत म्हणजे यातली ‘कानबान’ ही पद्धत मोटारीच्या कारखान्यातूनच आली. लागेल तेवढाच माल मागवणारे ते टोयोटाचे कार्ड. पण तिथेच, दोष दिसताच दोरी ओढून लाइन थांबवण्याचा अधिकार साध्या कामगारालाही असतो. सॉफ्टवेअरवाल्यांनी कार्ड उचलले. दोरी बरेचदा कारखान्यातच राहिली.

वाहनांतील इलेक्ट्रॉनिक यंत्रणांच्या सुरक्षिततेसाठी २०११मध्ये आयएसओ २६२६२ हे मानक आले. धोका कोणता, त्यावर उपाय कोणता आणि त्याची चाचणी कशी केली, याच्या लेखी नोंदी ते मागते. छोट्या टप्प्यांना त्याची आडकाठी नाही. तेव्हा टप्पे जरूर छोटे असावेत. पण ‘हे अजून तयार नाही’ असे म्हणून काम थांबवण्याचा अधिकार सर्वांत कनिष्ठ अभियंत्यालाही हवा. टप्पा वेळेत संपला की नाही, याच्याशी दुचाकीस्वाराला कर्तव्य नसते. त्याचा ब्रेक लागला पाहिजे.