काल, प्रज्ञा आणि वैद्याचे कर्तव्य

अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात, ओसरीच्या डाव्या भिंतीवर, पाचव्या शतकातील भवचक्र रंगविलेले आहे. त्याचा बराच भाग नष्ट झाला असला, तरी संसाराचे चाक अजून ओळखू येते. विहाराच्या दारापाशी असे चक्र काढण्याचा निर्देश बौद्ध विनयपरंपरेत आढळतो. येणाऱ्या-जाणाऱ्यास जन्ममरणाचे भान राहावे, हा त्यामागील हेतू.

वैद्यास हेच भान स्वतःच्या शास्त्रातून लाभते. चरकाचार्यांनी नऊ द्रव्यांत कालाची गणना केली आणि शरीर, इंद्रिये, मन व आत्मा यांच्या संयोगास आयु म्हटले. जेथे संयोग आहे, तेथे वियोगही आहेच. असात्म्येंद्रियार्थसंयोग, प्रज्ञापराध व परिणाम ही रोगांची तीन कारणे. यांपैकी परिणाम म्हणजे काल. त्यावर कोणाचीही सत्ता नाही. प्रज्ञापराध टाळणे मात्र मनुष्याच्या हाती आहे. धी, धृती व स्मृती यांच्या भ्रंशातून तो घडतो, हे आपण रुग्णास नित्य सांगतो. परंतु तो केवळ रुग्णाकडूनच घडतो काय?

चूर्ण दोन महिन्यांनी, तर गुटिका व अवलेह वर्षानंतर हीनवीर्य होतात. आसव मात्र जुने होता अधिक गुणवान होतात, असे शार्ङ्गधरांनी सांगितले. आज औषधी नियमावलीतील नियम १६१-ब अन्वये वेष्टनावर मुदत छापावी लागते. मुदत उलटलेला डबा फळीवर दिसतो, तेव्हा धीला सत्य कळते, स्मृतीला शास्त्रवचन आठवते. पण नुकसानीच्या भयाने धृती ढळते. तो डबा ग्राहकाच्या हाती गेला, की तोही प्रज्ञापराधच होय.

दुसरी कसोटी असाध्य व्याधीची. मैत्री, कारुण्य, साध्य रोग्याविषयी प्रीती आणि मरणोन्मुखाविषयी उपेक्षा, अशी चतुर्विध वैद्यवृत्ती चरकांनी वर्णिली. येथे उपेक्षा म्हणजे रुग्णास टाकणे नव्हे. खोट्या आशेवर महागडी रसौषधे देत राहण्याचा मोह आवरणे, वेदना शमविणे आणि आप्तांना सौम्य शब्दांत खरे सांगणे, हा तिचा अर्थ मानणे उचित ठरेल. कुटुंबाचा पैसा व रुग्णाचे उरलेले दिवस या दोहोंचे रक्षण त्यातच आहे.

तरी वैद्यबंधूंनी व औषधविक्रेत्यांनी प्रत्येक ऋतूच्या प्रारंभी आपली फळी स्वहस्ते तपासावी आणि मुदतबाह्य औषध त्याच दिवशी बाजूस काढावे. निरीक्षक वर्षातून एखाद्या वेळी येईल. रुग्ण मात्र दररोज आपल्यावर विश्वास ठेवून येत असतो.