थंडीत सिस्टरच्या क्वार्टरकडे कोण बघतं?

तळेगाव ढमढेरे : पौषातली रात्र. लाइटची पाळी रात्रीची आली की तुम्ही कानटोपी घालून, अंगावर घोंगडं घेऊन गव्हाला पाणी द्यायला निघता. दारं धरता धरता पाय बधिर होतात. मग बांधावर पाचट पेटवायचं, हात शेकायचे, पुन्हा पाण्यात उतरायचं. ही थंडी काय असते ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

त्याच वेळी आरोग्य केंद्रात एखादी बाई अडलेली असते. सिस्टर दर तपासणीला हात धुते, तेही गार पाण्यानं. बाळंतीण आणि बाळ उबेत राहावं म्हणून तिची धडपड चाललेली असते. तिला स्वतःला ऊब कुठली? बाळ रडलं की आपण पेढे वाटतो आणि घरी जातो. सिस्टरला सकाळी पुन्हा ओपीडी असते.

शासनाचा हिशोब असा, की सपाटीच्या भागात ३० हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, ५ हजारांमागे एक उपकेंद्र आणि साधारण हजारामागे एक आशाताई. कागदावर हे बरं दिसतं. पण शिक्रापूर-सणसवाडी पट्ट्यात कारखान्यांमुळे भाडेकरूंच्या चाळी किती वाढल्या ते आपण रोज पाहतो. ही माणसंही आजारी पडतात, त्यांचीही पोरं लसीला येतात.

त्यात हिवाळा म्हणजे कामाचा डोंगर. १२ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर लहान मुलांच्या न्यूमोनियासाठी 'सांस' मोहीम असते. दम्याची म्हातारी माणसं पहाटे धाप लागून येतात. कुटुंब नियोजनाच्या शस्त्रक्रियांना लोक थंडीचेच दिवस धरतात आणि मार्चअखेरचं उद्दिष्ट डोक्यावर असतंच. ऊसतोडीच्या टोळ्या आल्या की मजुरांच्या कोप्यांवर जाऊन गरोदर बाया आणि पोरं शोधावी लागतात. टोळी आज इथं तर उद्या दुसऱ्या शिवारात. एक जानेवारीला पेरणे-कोरेगाव भीमा इथं विजयस्तंभाला लाखो लोक येतात. तिथंही आरोग्य पथकं भर थंडीत रात्रंदिवस उभी असतात.

आता आशाताईंचं बघा. त्यांना पगार नाही, कामागणिक मोबदला मिळतो आणि तोही वेळेवर हातात पडत नाही ही जुनी तक्रार. ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्यभर त्यांनी संप केला. आश्वासन मिळालं, पण आदेश निघेना, म्हणून १२ जानेवारी २०२४ पासून पुन्हा संप. ऐन थंडीत आझाद मैदानात बाया बसून होत्या. शेवटी मार्च २०२४ मध्ये राज्यानं मानधनात ५ हजारांची वाढ मंजूर केली, ती नोव्हेंबर २०२३ पासून धरून. उसाच्या बिलासाठी खेटे घालणाऱ्या शेतकऱ्याला हे दुखणं लगेच कळेल.

पगार-मानधन गावाच्या हातात नाही, मान्य. पण काही गोष्टी आपल्या हातातल्या आहेत. क्वार्टरच्या खिडकीची काच फुटली असेल, तावदान लागत नसेल, पाणी तापवायची सोय बंद असेल, तर त्यासाठी मुंबईला जावं लागत नाही. केंद्राला रुग्ण कल्याण समिती आहे, गावाला ग्राम आरोग्य समिती आहे आणि दोन्हींना थोडाफार अबंधित निधी येतो. सरपंच साहेब, मागच्या वर्षी तो कशावर खर्च झाला ते रजिस्टर एकदा उघडून बघा.

दुसरी गोष्ट बिबट्याची. आपल्याच तालुक्यात पिंपरखेड परिसरात २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बिबट्यानं माणसं मारली, लेकरंसुद्धा. उसाच्या कडेच्या वस्तीवर अंधार पडल्यावर आशाताईला एकटीला बोलावणं आता बरं नाही. निरोप धाडताना सोबत बॅटरी घेतलेला माणूस आणि गाडी धाडा. बाळंतपणाची वेळ असेल तर अंधार पडायची वाट न बघता १०२ किंवा १०८ ला फोन करा. पोलीस पाटलांनी मनावर घेतलं तर प्रत्येक वस्तीवर दोन जाणती पोरं सोबतीला सहज मिळतील.

आणि बोलणं. डॉक्टर जेवायला गेले म्हणून खिडकीवर थाप मारणारे, मोबाइलवर चित्रीकरण करून 'व्हायरल करीन' म्हणणारे आपलेच भाऊबंद असतात. दवाखान्यात हाणामारी, मोडतोड केली तर २०१० च्या राज्य कायद्यानं ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड आहे, गुन्हाही अजामीनपात्र. कर्मचाऱ्याची चूक झालीच, तर लेखी तक्रार तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे करता येते. चुकारपणा झाकावा असं कुणीच म्हणत नाही. पण रात्रभर जागलेल्या माणसाला सकाळी नऊला शिवी ऐकायला लागली, की तो बदलीचा अर्ज लिहायला घेतो. एकदा जागा रिकामी झाली की ती किती दिवस रिकामी राहते, हे ज्यांच्या उपकेंद्राला कुलूप आहे त्यांना विचारा.

सत्कार करायचाच तर जरूर करा. मात्र ती सत्काराची पातळ शाल नको. जाड रग द्या, उपयोगी पडेल.

२६ जानेवारीला ग्रामसभा आहे. विषयपत्रिकेत रस्ते, गटार, घरकुल असेलच. नोटीस निघायच्या आत ग्रामसेवक भाऊसाहेबांना गाठा आणि आणखी एक विषय घालायला सांगा : आरोग्य कर्मचाऱ्यांच्या निवासस्थानाची दुरुस्ती, गरम पाणी आणि दारासमोरचा दिवा. त्या दिवशी सिस्टर आणि आशाताईंनाही बोलवा, आणि त्यांना पहिल्यांदा बोलू द्या.