एक्स्प्लेनर : बियाण्यात बीटी जनुक आहे, पण ते काम करतंय का? समजून घ्या ‘मिथाइल’ची खूण

चकलांबा (ता. गेवराई, जि. बीड) असो की मराठवाड्यातलं कापूस पिकवणारं दुसरं कुठलंही गाव, बोंडअळी दिसली की पहिला संशय बियाण्यावर जातो. ‘हे खरंच बीटी होतं का?’ प्रयोगशाळा पीसीआर चाचणी करून सांगते, की जनुक आहे. मग अळी मेली का नाही? कारण जनुक असणं आणि जनुक चालू असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक तपासताना ‘डीएनए मिथाइलट्रान्सफरेज’ हे एन्झाइम उपयोगी पडतं.

आधी थोडी पार्श्वभूमी

जालन्याच्या महिको कंपनीच्या बीटी कापसाच्या तीन वाणांना २६ मार्च २००२ रोजी देशात मंजुरी मिळाली. त्यात मातीतल्या एका जिवाणूचं ‘क्राय-१-एसी’ जनुक होतं. २००६ मध्ये दोन जनुकांचं ‘बोलगार्ड-२’ आलं. तरीही २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने राज्यातल्या कापसाचं मोठं नुकसान केलं.

मिथाइल म्हणजे काय?

डीएनए ही ए, टी, जी, सी या चार अक्षरांची लिपी आहे. यातल्या काही अक्षरांवर एक कार्बन आणि तीन हायड्रोजनचा छोटा गट बसतो. तोच मिथाइल गट. अक्षर बदलत नाही, फक्त त्यावर खूण येते. ही खूण बसवणारं एन्झाइम म्हणजे मिथाइलट्रान्सफरेज. खुणेचा माल त्याला ‘सॅम’ नावाच्या रेणूकडून मिळतो.

जिवाणू ही खूण स्वतःच्या रक्षणासाठी वापरतात. त्यांच्याकडे डीएनए कापणाऱ्या कात्र्या असतात. खूण असलेला डीएनए घरचा, म्हणून सुरक्षित. विषाणूच्या डीएनएवर खूण नसते, त्याचे तुकडे होतात. या कात्र्यांच्या शोधासाठी १९७८ चं नोबेल तिघांना मिळालं. उलट, खूण असलेलाच डीएनए कापणाऱ्या कात्र्याही आहेत. त्यातल्या ‘एमसीआर-बीसी’ची रचना पुण्याच्या आयसरमधील के. साईकृष्णन यांच्या गटाने उलगडली आहे.

वनस्पतींमध्ये खुणेचं काम वेगळं. जनुकाच्या सुरुवातीला ‘प्रमोटर’ नावाचा भाग असतो, तो जनुकाचा स्विच. त्यावर दाट खुणा बसल्या तर जनुक मूक होऊ शकतं. बाहेरून घातलेल्या जनुकांबाबत अनेक वनस्पतींमध्ये हे दिसलं आहे.

पीसीआरला हे का कळत नाही?

पीसीआर डीएनएच्या लाखो प्रती काढते, पण त्यात फक्त अक्षरं उतरतात, खुणा उतरत नाहीत. म्हणून जनुक मूक असलं तरी पीसीआर ‘आहे’ असंच सांगते.

मग खुणा कशा शोधतात?

डीएनएवर बायसल्फाइट या रसायनाची प्रक्रिया करतात. खूण नसलेला ‘सी’ बदलतो आणि वाचताना ‘टी’ दिसतो. खूण असलेला ‘सी’ तसाच राहतो. पण प्रक्रिया अर्धवट झाली तर खूण नसलेला ‘सी’ही तसाच राहतो आणि निकाल फसवा येतो.

म्हणून सोबत दोन नमुने ठेवतात. पीसीआरने बनवलेल्या डीएनएवर खुणा नसतात, तो शून्य टक्क्यांचा नमुना. त्याच डीएनएवर ‘एम-एसएसएस-वन’ हे मिथाइलट्रान्सफरेज वापरलं की ‘सी’पुढे ‘जी’ असलेल्या प्रत्येक जागी खूण बसते, तो शंभर टक्क्यांचा. तराजू तपासायला वजनं लागतात, तसंच हे.

चूक कुठे होते?

‘सॅम’ टिकाऊ नाही. जुनं वापरलं तर खुणा अर्धवट बसतात. म्हणून ते ताजं घालतात आणि ‘एचपीए-टू’ या कात्रीने खात्री करतात. ही कात्री खूण असलेली जागा कापत नाही. जेलवर डीएनए अखंड दिसला तर काम पूर्ण, तुकडे दिसले तर पुन्हा करायचं. आणखी एक मर्यादा : वनस्पती ‘सीजी’ सोडून इतर जागीही खुणा बसवतात. त्या जागा या नमुन्याने तपासता येत नाहीत.

शेतकऱ्यासाठी याचा अर्थ काय?

नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे के. आर. क्रांती आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवलं, की बीटी कापसातलं क्राय-१-एसी प्रथिन पेरणीनंतर दिवसेंदिवस घटतं आणि साधारण ११० दिवसांनी अळी मारण्याच्या पातळीखाली येतं. पानांत ते जास्त, बोंडाच्या सालीत कमी. बोंडअळी बोंडातच शिरते, हे इथे महत्त्वाचं.

मात्र प्रत्येक नुकसानीचं खापर मिथाइलवर फोडता येणार नाही. गुलाबी बोंडअळीच्या उद्रेकामागचं मुख्य कारण अळीतच बीटीविरोधी प्रतिकारशक्ती तयार होणं, हे आहे. जनुक चालू असूनही अशी अळी मरत नाही.

त्यामुळे प्रश्न तीन आहेत : जनुक आहे का, प्रथिन पुरेसं बनतंय का, आणि अळी त्याला दाद देते का? पहिल्याचं उत्तर पीसीआर देते, दुसऱ्याचं प्रथिन चाचणी. प्रथिन कमी निघालं तर कारण शोधताना मिथाइलची तपासणी कामी येते. ती संशोधनाची चाचणी आहे, तक्रारीतली नेहमीची नाही. शेतकऱ्याने मात्र बिल, रिकामी पिशवी आणि थोडं बियाणं जपून ठेवावं. तक्रार करायची वेळ आली तर पुरावा तोच.