सातची वसई

30 वर्षं ड्रॉइंग शिकवलं, पण वसईच्या किल्ल्यातल्या दगडाचा रंग माझ्या खोक्यातल्या 48 कांड्यांत अजून सापडलेला नाही. पावसाळ्यात तो शेवाळी असतो, दिवाळीनंतर गवत वाळलं की तांबूस होतो. डिसेंबरात सकाळी सातला, खाडीवरचं धुकं आत शिरतं तेव्हा तर त्याला नावच देता येत नाही. मला चितारायची असते ती हीच वेळ.

मी सॉफ्ट पेस्टल वापरतो. मुलं शाळेत घासतात ते तेलकट खडू वेगळे. यात रंगाची पूड, थोडा खडू आणि कांडी मोडू नये इतपत डिंक, बस्स. पाणी नाही, ब्रश नाही. रंग पॅलेटवर कालवता येत नाहीत, कागदावरच थरावर थर चढवायचे. म्हणून कागद खरखरीत हवा, भुकटी धरून ठेवणारा. फ्रेंच चित्रकार देगाच्या नर्तकी अशाच पुडीतून उतरल्यात.

संत जोसेफ चर्चचा मनोरा पांढऱ्या कागदावर काढायला बसलो की हमखास फसतो. कागदच इतका उजळ, की उन्हाला जागा उरत नाही. म्हणून राखी कागद घेतो. आधी कमानींच्या आतला अंधार. तिथं काळा लावला की कमानीचं भोक होतं. गर्द निळा, त्यावर जांभळट तपकिरी. मग भिंत. अगदी शेवटी मनोऱ्याच्या पूर्वेकडच्या कडेला फिकट पिवळ्याचे तीन-चार ओरखडे, आणि त्यांना बोट लावायचं नाही. बोटानं घोटत बसलात तर दगडाचं लोणी होतं.

एकदा पुऱ्या झालेल्या चित्रावर हौसेनं पूड धरून ठेवणारं फिक्सेटिव्ह फवारलं, तर आकाश काळवंडलं आणि सकाळची संध्याकाळ झाली. तेव्हापासून फवारा मधल्या थरांपुरताच. वरचा थर तसाच ठेवतो आणि चौकटीत काच कागदाला टेकू देत नाही.

1534 मध्ये गुजरातच्या सुलतान बहादूरशहाकडून वसई पोर्तुगीजांकडे गेली, 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी ती जिंकली, 1802 मध्ये दुसऱ्या बाजीरावानं इंग्रजांशी तह केला तोही इथंच. एवढं सगळं घडलेली जागा म्हणजे चित्र उदासच हवं, असं विद्यार्थ्यांना वाटतं. मलाही वाटायचं.

मागच्या हिवाळ्यात बंदराकडून येणारी एक मावशी डोक्यावरची पाटी सावरत माझ्या मागे थांबली.

"मास्तर, आमचा रस्ता कुठं गेला?"

किल्लाबंदरचा रस्ता किल्ल्यातूनच जातो. चित्र जुनं दिसावं म्हणून मी तो गवताखाली दडपला होता. गुपचूप एक मातकट कांडी मोडली, आडवी धरून कमानीपासून खालपर्यंत ओढली. त्यावर मावशीच्या लुगड्याचा लाल ठिपका दिला.

त्या लाल कांडीचा आता नखाएवढा तुकडा उरलाय.