ओळख संगणकाची : भाग ७
रॅम टाकू की भंगारात देऊ?

भाईंदर पश्चिमेहून उत्तनच्या रस्त्याला लागलं की मुर्धा, राई, मोरवा ही गावं येतात. मोरव्यातल्या एका झेरॉक्सच्या दुकानात परवा आधारची प्रिंट काढायला उभा होतो. दुकानदारदादांनी पीडीएफवर क्लिक केलं आणि कॅबिनेट जे खरखरायला लागलं ते थांबेचना. मागे रांग वाढत होती. ‘‘म्हातारा झालाय,’’ दादा ओशाळून म्हणाले. ‘‘एक जण म्हणतो रॅम टाक, दुसरा म्हणतो भंगारात दे.’’

मी त्यांना कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकदम दाबायला लावली. टास्क मॅनेजर उघडला. मेमरी ९३ टक्के, डिस्क १०० टक्के, प्रोसेसर मात्र जेमतेम २०. पीसी कोअर टू ड्युओचा, रॅम २ जीबी, आणि क्रोममध्ये सरकारी अर्जांचे अकरा टॅब उघडे. प्रोसेसर रिकामा बसलेला आणि डिस्क धापा टाकतेय, म्हणजे दुखणं रॅमचंच.

रॅम भरली की विंडोज त्यातला काही मजकूर हार्ड डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये नेऊन ठेवते आणि लागला की परत आणते. ती खरखर या हेलपाट्यांची. रॅममधून माहिती उचलायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या डिस्कवर नेमकी जागा गाठायला १२ मिलिसेकंद तरी जातात. रॅमचा एक सेकंद धरला, तर डिस्कला सव्वा दिवसाहून जास्त वेळ लागला म्हणायचा! अशा वेळी ४ जीबीची एक स्टिक वाढवली, तर टॅब बदलताना ताटकळावं लागत नाही.

पण मेमरी ५० टक्क्यांवरच थांबत असेल, तर नवी स्टिक नुसती बसून राहील. व्हिडिओ कन्व्हर्ट करायला लागणारा वेळ प्रोसेसर ठरवतो. तिथे रॅम वाढवून फारसं काही हाती लागत नाही. आणि विंडोज ३२ बिटची असेल, तर ८ जीबी टाका नाहीतर १६, वापरात सव्वातीन-साडेतीन जीबीच येते. हा घोळ मी स्वतः घातला आहे, तेव्हा आधी ‘सिस्टीम टाइप’ बघा.

खरेदीत फसगत होते ती खाचेमुळे. डीडीआर२ आणि डीडीआर३ दोन्हींना २४० पिना, पण खाच वेगळ्या जागी. जोर लावलात तर स्लॉटच मोडेल. दादांचा मदरबोर्ड जी४१ चिपसेटचा होता. त्यावर ४ जीबीची स्टिक घ्यायची तर दोन्ही बाजूंना आठ-आठ चिप असलेलीच घ्यावी; एकाच बाजूला आठ चिप असलेली नवी स्टिक हा चिपसेट बहुतेक वेळा ओळखत नाही. जुना माल ग्रँट रोड स्टेशनजवळ, लॅमिंग्टन रोडवर मिळतो.

स्टिक बसवल्यावर पीसी नुसता बीप देत राहिला तर घाबरू नका. वायर काढा, स्टिक बाहेर घ्या, सोनेरी पिनांवरून शाळेतलं खोडरबर हलक्या हाताने फिरवा, भुगा झटका आणि दोन्ही टोकांना ‘टक’ होईपर्यंत दाबा. खाडीच्या दमट हवेत या पिना मळतात. आमच्याकडे निम्मे ‘बंद पडलेले’ पीसी या खोडरबरानेच सुरू होतात.

दादांचं दुकान एका सेकंडहँड स्टिकवर अजून वर्षभर चालेल. त्याहून जास्त पैसे मी त्या पीसीवर घालणार नाही. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले आणि कोअर टू ड्युओ विंडोज ११ च्या यादीत नाही.

रॅम आणायला जाताना जुनी स्टिक काढून सोबत न्या आणि बदलून देण्याची मुदत बिलावर लिहून घ्या. पुढच्या आठवड्यात एसएसडी.