ब्रेक कॅलिपरची ओव्हरहॉलिंग : भंडारा जिल्ह्यातील मिस्त्रींच्या हातचे काम

भंडारा जिल्हा म्हटला की पितळी भांडी, धान आणि तलाव डोळ्यांपुढे येतात. त्याच जिल्ह्यातून मुंबई-कोलकाता महामार्ग जातो. हा रस्ता पूर्वी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 6 म्हणून ओळखला जाई, आता त्याचा क्रमांक 53 आहे. भंडारा, लाखनी, साकोली या गावांना या रस्त्याने जसा व्यापार दिला, तसाच मोटार दुरुस्तीचा धंदाही दिला. आपल्या समाजातील अनेक कुटुंबांची चूल या धंद्यावर पेटते. वडील उस्ताद, मुलगा शागीर्द आणि दारात पाने-पेट्या, हे चित्र भंडारा, तुमसर, पवनी कुठेही पाहावे.

परंतु या धंद्यातील एक चांगले काम हळूहळू हातातून निसटत आहे, याकडे आम्ही कारागीर आणि स्पेअर पार्ट विक्रेते बंधूंचे लक्ष वेधू इच्छितो. ते काम म्हणजे डिस्क ब्रेकचे कॅलिपर काढणे, खोलून साफ करणे, नवे रबर घालणे आणि पुन्हा बसविणे. आज बहुतेक ठिकाणी दोनच प्रकार दिसतात. एक तर ग्राहकाला सांगितले जाते, "कॅलिपर गेला, नवा टाका." नाही तर जुनाच कॅलिपर रॉकेलने धुऊन, जुनेच रबर घालून परत केला जातो. पहिल्या प्रकारात ग्राहकाचा खिसा कापला जातो आणि नफा नागपूरच्या दुकानात जातो. दुसऱ्या प्रकारात जीव धोक्यात येतो. मधला मार्ग इमानदारीचा आहे आणि फायद्याचाही आहे.

ड्रमकडून डिस्ककडे

अँबेसिडर आणि फियाटच्या काळात आपल्या मिस्त्रींचा हात ड्रम ब्रेकवर बसला. डिस्कची कल्पना मात्र बरीच जुनी आहे. इंग्लंडमधील फ्रेडरिक लँचेस्टर यांनी 1902 मध्ये तिचे पेटंट घेतले. 1953 मध्ये फ्रान्समधील ले मान्सची चोवीस तासांची शर्यत जग्वार गाडीने डिस्क ब्रेकच्या जोरावर जिंकली आणि मग जगभर तिचा प्रसार झाला. आज साध्यातल्या साध्या कारच्याही पुढच्या चाकांना डिस्क असते. म्हणजे जो मिस्त्री कार हाती घेतो, त्याला कॅलिपर टाळता येणार नाही.

कॅलिपर जाम का होतो

कॅलिपरमध्ये एक पिस्टन असतो आणि त्याभोवती चौकोनी कापाचे एक रबरी सील असते. पायडल दाबले की ब्रेक ऑइल पिस्टनला ढकलते आणि पॅड डिस्कला आवळतात. पाय काढला की पिस्टनला मागे ओढणारी स्प्रिंग आत नसते. ते काम हे सीलच करते. दाबाखाली ते किंचित मुरडते आणि दाब सुटताच मूळ जागी येताना पिस्टनला केसभर मागे घेते. रबर कडक झाले, फुगले किंवा पिस्टनला गंज चढला की हे केसभर मागे येणे थांबते आणि पॅड डिस्कला घासत राहतो.

आपल्या जिल्ह्याचे हवामान याला पोषक आहे. पावसाळ्यात धानाच्या बांध्यांचा चिखल चाकांत जातो, उन्हाळ्यात धूळ. बूट म्हणजे बाहेरचे धूळ-रबर एकदा फाटले की पाणी सरळ पिस्टनपर्यंत पोचते. शिवाय अनेक घरी गाडी लग्नसराईत पळते आणि नंतर महिनोन् महिने अंगणात उभी राहते. उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर जाम होते.

ब्रेक ऑइलही हवेतील ओल शोषते. डॉट-4 प्रतीचे नवे ऑइल किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण त्यात सुमारे 3.7 टक्के पाणी मुरले की ही मर्यादा 155 अंशांपर्यंत उतरू शकते. उतारावर तापलेल्या ब्रेकमध्ये वाफ झाली की पायडल पोकळ जाते. तेच पाणी आतून गंजही धरते.

खोलण्यापूर्वी रोग ओळखा

गाडी चालताना एका बाजूला ओढत असेल, त्या बाजूचे चाक तापत असेल आणि जळका वास येत असेल, तर त्या चाकाचा ब्रेक सुटत नाही असे समजावे. उलट ब्रेक मारतानाच गाडी एका बाजूला ओढत असेल, तर बहुधा दुसऱ्या बाजूचा कॅलिपर पकडत नाही.

चाक उचलून हाताने फिरवा. अडकत असेल तर कॅलिपरवरील निप्पल थोडे सैल करा. ऑइल उडून चाक मोकळे झाले तर आत दाब कोंडलेला आहे, म्हणजे होज पाइप आतून बंद झाला असेल किंवा मास्टर सिलिंडर दाब सोडत नसेल. निप्पल सोडूनही चाक अडकलेलेच राहिले तर पिस्टन किंवा गाइड पिना जाम आहेत. या दोन मिनिटांच्या तपासाने निरपराध कॅलिपर बदलण्याची पाळी येत नाही. आतला पॅड बाहेरच्यापेक्षा फार झिजला असेल तर गाइड पिनांवर पहिला संशय घ्यावा.

काढणे आणि खोलणे

सपाट जागेवर, मागच्या चाकांना ठोकळे लावून, गाडी जॅकवर नव्हे तर घोडीवर घ्यावी. एका वेळी एकच बाजू खोलावी. दुसरी बाजू नमुना म्हणून डोळ्यांसमोर राहते. होज पाइप काढेपर्यंत कॅलिपर पाइपावर लोंबकळत ठेवू नये, तारेने बांधून ठेवावा. दोन गाइड पिना अनेक गाड्यांत वेगवेगळ्या असतात, त्यांची अदलाबदल करू नये.

पॅडची धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडविण्याची सवय आम्ही सर्वत्र पाहतो. ही सवय मोडलीच पाहिजे. ब्रेकच्या जुन्या मालात अॅस्बेस्टॉस वापरले जात असे आणि कोणत्या मालात ते आहे, हे डोळ्यांना कळत नाही. त्याचे तंतू फुप्फुसात बसले की दुखणे कित्येक वर्षांनी डोके वर काढते. धूळ ओली करून फडक्याने पुसावी आणि शागीर्दाच्या तोंडाला मास्क असावा.

पिस्टन काढताना जास्तीत जास्त सावधगिरी हवी. 50 मिलिमीटर व्यासाच्या पिस्टनचे क्षेत्रफळ सुमारे साडेएकोणीस चौरस सेंटिमीटर भरते. कॉम्प्रेसरची सात किलो हवा त्यावर सोडली तर पिस्टन सुमारे 137 किलोच्या जोराने बाहेर येतो. समोर बोट असेल तर ते गेलेच म्हणून समजा. म्हणून पिस्टनसमोर लाकडाचा तुकडा ठेवावा, हवा अगदी कमी दाबाने आणि थोडी थोडी सोडावी. त्याहून बरे म्हणजे होज जोडलेला असतानाच पायडल हळूहळू दाबून पिस्टन बाहेर आणावा आणि मग होज सोडावा.

मागच्या चाकांचे कॅलिपर हँडब्रेकसह असतील तर त्यांचा पिस्टन बहुधा फिरवून आत घालावा लागतो. तो नुसता दाबल्यास आतली यंत्रणा तुटते. विजेवर चालणाऱ्या हँडब्रेकच्या गाडीत आधी स्कॅनरने सर्व्हिस मोड लावल्याशिवाय हात घालू नये.

साफसफाई आणि नवे रबर

सारे काम येथेच बनते किंवा बिघडते. रॉकेल, डिझेल, पेट्रोल किंवा इंजिन ऑइल कॅलिपरच्या आत कदापि लावू नये. ब्रेकचे रबर पेट्रोलियम तेलाने फुगते. आज चांगला वाटणारा ब्रेक चार-आठ दिवसांत जाम होतो आणि ग्राहक परत येऊन भांडतो. सफाई ब्रेक क्लीनरने किंवा ताज्या ब्रेक ऑइलने करावी.

जुने सील काढायला स्क्रू ड्रायव्हर वापरू नका. खाचेला ओरखडा पडला की तेथूनच गळती सुरू होते. लाकडाची किंवा प्लॅस्टिकची काडी पुरते. सिलिंडरच्या भिंतीवरील हलका डाग बारीक पॉलिश पेपरने जाईल. पिस्टनवरील क्रोमचा मुलामा सुटून खड्डे पडले असतील तर मात्र पिस्टन बदलावा, घासून वेळ मारून नेऊ नये. सीलची खाच पूर्ण स्वच्छ हवी. खाचेत गंज राहिला तर नवे सीलसुद्धा घट्ट बसून ब्रेक धरून ठेवते.

नवे सील ब्रेक ऑइलमध्ये भिजवून बोटाने खाचेत बसवावे, कुठेही पिळलेले राहू नये. पिस्टन सरळ, हाताच्या जोराने आत गेला पाहिजे. हातोडी घ्यावी लागली तर काहीतरी चुकले आहे. गाइड पिनांना सिलिकॉन ग्रीस लावावे, चाकाचे साधे ग्रीस नव्हे.

डिस्कवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. तो मायक्रोमीटरने तपासावा. जाडी त्याखाली गेली असेल तर डिस्क बदलण्यास ग्राहकाला स्पष्ट सांगावे.

बसविणे आणि हवा काढणे

डावा कॅलिपर डावीकडे आणि उजवा उजवीकडेच बसला पाहिजे. अदलाबदल झाली की निप्पल खालच्या बाजूला येते. हवा तर वर जमते, मग पायडल दिवसभर मारले तरी हवा निघत नाही. निप्पल नेहमी वर, हे सूत्र शागीर्दाला पाठ करून द्यावे.

होजच्या बोल्टाला तांब्याचे वॉशर प्रत्येक वेळी नवे घालावे. होजला पीळ पडू देऊ नये आणि स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून तो कुठे घासत नाही ना, ते पाहावे. बोल्ट किती आवळायचे तो आकडा त्या गाडीच्या पुस्तकात असतो. टॉर्क पाना ही चैन नव्हे, गरज आहे.

हवा काढताना निप्पलला पारदर्शक नळी लावून तिचे टोक ऑइलच्या बाटलीत बुडवावे. पायडल हळू दाबून धरावे, निप्पल सोडावे, पायडल सोडण्यापूर्वी निप्पल बंद करावे. वरची टाकी क्षणभरही रिकामी होऊ देऊ नये. एबीएस असलेल्या गाडीत हवा त्या यंत्रणेत शिरली तर ती काढायला स्कॅनर लागतो आणि आजकालच्या नव्या गाड्या एबीएसवाल्याच आहेत. ऑइल रंगावर सांडले तर लगेच पाण्याने धुवावे.

गाडी हलविण्यापूर्वी पायडल कडक होईपर्यंत दाबावे. पहिला पायडल नेहमी खाली जातो. हे विसरून गॅरेजच्या दारातच गाडी भिंतीवर नेणारे आहेत. कामाच्या खात्रीसाठी इंजिन चालू ठेवून पायडल जोराने दाबून धरावे आणि कुठे गळती नाही ना, ते पाहावे. 70 किलोच्या दाबाला 50 मिलिमीटरचा पिस्टन पावणेचौदाशे किलोच्या आसपास जोर लावतो. आपल्या हातच्या कामाला रोज हे ओझे पेलायचे आहे.

धंद्याचा हिशेब

एका बाजूला दीड ते दोन तास लागतात, म्हणजे जोडीला जवळपास अर्धा दिवस. एक बाजू केली की दुसरीही करावी, नाही तर गाडी एका बाजूला ओढेल. उदाहरणादाखल तासाचा दर 250 रुपये धरला तर चार तासांचे हजार रुपये मजुरीचे झाले. रबर किट, वॉशर आणि ऑइल यांचे पैसे वेगळे. दोन नव्या कॅलिपरच्या किमतीशी तुलना करून दाखविली तर ग्राहक मजुरी आनंदाने देईल. मजुरी लपवून ती पार्टच्या किमतीत मिळविण्याची जुनी रीत सोडावी. कसबाची किंमत उघडपणे मागण्यात लाज नाही.

विक्रेते बंधूंनीही आपली बाजू सांभाळावी. किट गाडीच्या नावावरून नव्हे तर पिस्टनचा व्यास व्हर्निअरने मोजून द्यावे. ब्रेक ऑइल लहान, सीलबंद डब्यांतच विकावे. उघडा डबा महिनोन् महिने मांडणीवर ठेवून सुटे ऑइल विकणे म्हणजे पाणी विकणे आहे. नकली मालाच्या चार पैशांच्या नफ्यासाठी कोणाच्या घरचा दिवा विझू नये.

बिल द्यावे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार सदोष सेवेची तक्रार ग्राहकाला जिल्हा ग्राहक आयोगाकडे नेता येते. बिलावर काय बदलले, कोणत्या प्रतीचे ऑइल घातले आणि ग्राहकाने काय बदलण्यास नकार दिला, हे लिहिले असेल तर प्रामाणिक मिस्त्रीला भीती नाही. काढलेले जुने रबर पिशवीत घालून ग्राहकाच्या हाती द्यावे. शंभर शब्दांच्या शपथेपेक्षा फाटलेले रबर जास्त बोलते.

भंडाऱ्याच्या पितळकामाला नाव मिळाले ते हाताच्या सफाईमुळे. तीच सफाई आमच्या गॅरेजांतही आहे, तिला आता मापाची जोड हवी. व्हर्निअर, मायक्रोमीटर, टॉर्क पाना आणि स्वच्छ टेबल एवढे भांडवल जमवणे अनेकांच्या आवाक्यात आहे. एकट्याने जमत नसेल तर दोन-तीन शेजारी गॅरेजवाल्यांनी मिळून घ्यावे. उस्तादांनी शागीर्दांना केवळ खोलायला नव्हे, कारण समजून खोलायला शिकवावे. तसे झाले तर तुमसर-साकोलीच्या गाड्या ब्रेकसाठी नागपूरला जाणार नाहीत आणि ते पैसे जिल्ह्यातच, घाम गाळणाऱ्याच्या हाती राहतील.